दूध आणायचा ओव्हरकोट

आमच्या कोपरखैरण्याच्या घरात हिवाळा एकदाच आला, आणि तोही हँगरला टांगून. गडद करड्या रंगाचा, अस्सल लोकरीचा, गुडघ्यांच्या खाली पोचणारा पुरुषी ओव्हरकोट. रुंद कॉलर, आत गुळगुळीत अस्तर आणि नाण्यांएवढी काळी बटणं. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत अण्णा, आई आणि मी असे आम्ही तिघं राहत होतो. कोट आल्यावर चौघं झालो, आणि लोखंडी कपाटातली सगळ्यांत प्रशस्त जागा अर्थातच पाहुण्याला मिळाली. आईच्या ठेवणीतल्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत गेल्या. माझ्या ओढण्या दाराच्या खिळ्यावर आल्या. कोटाला कसर लागू नये म्हणून आईने इतक्या डांबरगोळ्या टाकल्या की त्या वर्षी मी कॉलेजात ज्या बाकावर बसायची, त्या बाकावर दुसरं कुणी फारसं बसत नसे. अभ्यास चांगला झाला, एवढाच फायदा.

नवी मुंबईत थंडी पडते, असं आमच्या सोसायटीतल्या काही लोकांचं प्रामाणिक मत होतं. डिसेंबरात एखाद्या सकाळी खाडीवरून गार वारा आला की ते कानाला मफलर गुंडाळून गॅलरीत उभे राहायचे आणि दहाच्या सुमारास घाम पुसत आत जायचे. पण त्यांच्याकडेही ओव्हरकोट नव्हता. तो फक्त आमच्याकडे होता, आणि का होता, ते सांगायचं तर अण्णांच्या कुकरपासून सुरुवात करावी लागेल.

अण्णा तुर्भ्याच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत होते. पंप इथे बनायचे, पण त्यांची ड्रॉइंगं जर्मनीहून यायची. अण्णांनी एक जाडजूड शब्दकोश पैदा केला आणि वर्षानुवर्षं त्या ड्रॉइंगांवरचे जर्मन शब्द एकेक करून फोडले. भाषा काही त्यांना आली नाही, सुटे भाग तेवढे आले. घरात कुकरची शिट्टी होईना की आई म्हणायची, "रिंग गेली वाटतं." अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "रिंग नव्हे, डिख्टुंग." आईने डिख्टुंग बदलून आणली तरी वरण कच्चंच राहायचं, कारण बिघाड शिट्टीत असायचा. ते असो. मुद्दा असा की सगळी ड्रॉइंगं एकाच हातची होती. कोपऱ्यात तीच एक तिरकी सही. अण्णा त्या माणसाबद्दल शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. "आज जरा घाईत होता गडी. रेघ बघ कशी मारलीय." त्यांची आयुष्यात इच्छा म्हणाल तर एकच होती. हा माणूस कुठे बसतो, ते एकदा डोळ्यांनी बघायचं. बढती नको, बंगला नको. लोक काशीला जातात, अण्णांना त्या टेबलापाशी जायचं होतं.

आणि त्या वर्षी ऐन गणपतीत मॅनेजरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की, जर्मनीला हिवाळ्यात तीन महिन्यांसाठी एक माणूस पाठवायचा आहे, सामंत, तुम्ही तयारीला लागा. अण्णा घरी आले ते नाक्यावरून पेढे घेऊनच. तयारी म्हणजे दोन गोष्टी, पासपोर्ट आणि कोट. दोन्हींसाठी मुंबईत जायला हवं होतं, रजा एकाच दिवसाची मिळत होती, आणि चार दिवसांवर पितृपक्ष आला होता. जगातल्या कुठल्याही सामान्य बुद्धीच्या कुटुंबाने आधी पासपोर्टचं काम केलं असतं. आम्ही सामान्य नव्हतो. आमच्याकडे आई होती.

"पासपोर्ट म्हणजे शेवटी सरकारी कागद," आई म्हणाली. "तो कधीही होईल. पण पंधरवड्यात नवं कापड घरात आणायचं नाही. कोट आधी."

यात तर्क होता, हे मी आजही मान्य करते. कोट आधी आणला. मग पंधरवडा लागला आणि अण्णा पासपोर्टच्या अर्जावर फोटो चिकटवायला बसले, तेव्हा आईने डिंकाची बाटली उचलून फडताळात ठेवली. पितरांच्या पंधरवड्यात नवं काम सुरू करायचं नाही. "अगं, तूच म्हणालीस ना सरकारी कागद?" अण्णा म्हणाले. "कागद जुनाच हो, पण जाणं नवीन," आई म्हणाली. अण्णांनी दोनदा कॅलेंडरकडे पाहिलं आणि अर्ज घडी करून ठेवला. जर्मन ड्रॉइंगात केसाएवढी चूक शोधणारा हा माणूस आईच्या म्हणण्यात कधी चूक काढू शकला नाही. शिवाय, खरं सांगायचं तर त्यांनाही आपल्या वडिलांचं पान वाढायच्या आधी कुठे निघायची बोलणी नकोच होती. भक्तीत दोघं सारखेच, दोष तेवढा एकीच्या नावावर जमा झाला.

कोट घ्यायला मी बरोबर गेले होते. फोर्टातलं जुनं दुकान, लाकडी कपाटं, आणि गल्ल्यावर चष्मा कपाळावर चढवलेला एक म्हातारा. त्याने कोट अण्णांच्या खांद्यांवर असा चढवला, जसा काही राज्याभिषेकच चालला होता. आईने बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि म्हणाली, "घोंगडंच आहे की हो. घरी धुता येतं का?" म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर घरात कुणी गेल्यासारखं दुःख पसरलं. मग तो अण्णांकडे वळला. "साहब, ये क्लासिक है. फंक्शन का नहीं, डेली वेअर का है. उधर तो आदमी सुबह दूध लाने जाता है ना, तो भी यही पहन के जाता है."

अण्णांना ते दूध भलतंच आवडलं. आरशासमोर ते उभे होते, एरवी किंचित वाकलेली पाठ सरळ, एक हात खिशात. मला ते फार देखणे वाटले. त्यानंतर घरी येईपर्यंत त्यांनी ते वाक्य आईला आणि मला बऱ्याच वेळा ऐकवलं. दूध आणायला! म्हणजे सणासुदीला नव्हे, ऑफिसला नव्हे, साध्या दुधाला! आमच्याकडे दूध आणायचं काम अण्णांकडेच होतं. पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि बाह्यांचा बनियन घालून ते रोज सकाळी केंद्रावर जायचे. त्या दिवसापासून ते लेंग्याकडे जरा तुच्छतेने पाहू लागले.

दसऱ्याला सोसायटीने अण्णांचा सत्कार ठेवला. सोसायटीचे सेक्रेटरी घाडगेकाका मूळचे साताऱ्याकडचे, आणि कुणाचा सत्कार केला नाही तर त्यांना जेवण जात नसे. दहावी पास झालेल्यांचे झाले, रिटायर झालेल्यांचे झाले, एकदा तर पाण्याची मोटर वेळेवर दुरुस्त केली म्हणून प्लंबरचा झाला. परदेशी जाणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच सापडला होता. ते स्वतः घरी येऊन सांगून गेले, "सामंतसाहेब, कोट घालूनच यायचं बरं का. लोकांना कळलं पायजे, आपल्या बिल्डिंगचा माणूस कुठं चाललाय."

ऑक्टोबर महिना होता. बाहेरून नवी मुंबईत आलेल्यांना मी आजही ऑक्टोबरबद्दल आधी सांगते, मागून तक्रार नको. अण्णा कोट घालून स्टेजवर बसले. गरब्याच्या पोरी थांबल्या, माइक किंचाळला, घाडगेकाकांनी भाषण केलं. त्यात जर्मनी दोनदा आणि सोसायटीचं थकलेलं मेंटेनन्स तीनदा आलं. मग त्यांनी त्या लोकरी ओव्हरकोटावर शाल घातली. शाल ऊबदार होती, कारण घाडगेकाका कामात कसूर करत नसत. वर नारळ दिला. अण्णांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, आणि ते समोर जिथे लोक असावेत अशा अंदाजाने हसत होते. मनोगतात ते एवढंच म्हणाले, "तिकडे एक टेबल आहे, ते बघून येतो." टाळ्या कडकडून पडल्या. कुणाला काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात डबे येऊ लागले. परदेशी निघालेला माणूस तिथे उपाशी मरतो, अशी सोसायटीची पक्की समजूत होती. मेतकूट आलं, शेंगदाण्याची चटणी आली, लसणीचं तिखट आलं, कुळथाचं पीठ आलं, घाडगेकाकूंनी कांदालसूण मसाल्याची अख्खी बरणी दिली. एकीने जाड पोहे दिले, कारण "तिकडं सकाळी पोटाला काय करणार?" हे सगळं आईने स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर मांडून ठेवलं, आणि आमच्या घरात त्या फळीला जर्मनी असं नाव पडलं.

बातमी अण्णांनी जेवताना सांगितली. कंपनीला जर्मनीला नाव कळवायचं होतं आणि त्यासाठी पासपोर्टचा नंबर हवा होता. अण्णांचा अर्ज दुसरी रजा मिळाल्यावर, दसऱ्यानंतर, नुकता कुठल्यातरी खिडकीत पडला होता. ज्याच्याकडे पासपोर्ट तयार होता, त्याचं नाव गेलं. तो पाटील. जनार्दन पाटील, करावे गावचा, अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. नवी मुंबई वसवताना गावाची जमीन गेली तेव्हा त्याच्या घरातल्या एकाला कंपनीत चिकटवलं होतं, तो हा. मागे कधी जहाजावर नोकरी मिळते का बघायला त्याने पासपोर्ट काढून ठेवला होता.

आई भात वाढत होती. ती वाढतच राहिली. ताटात डोंगर झाला तरी तिचा हात थांबेना. "पुरे," अण्णा म्हणाले. फक्त तेवढंच. पितृपक्षाचं नाव त्यांनी काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आरडाओरडा केला असता तर आईला भांडता तरी आलं असतं. त्यांनी ती सोयसुद्धा ठेवली नाही.

सोसायटीला आम्ही काही सांगितलं नाही. "कधी निघताय?" असं जिन्यात कुणी विचारलं की अण्णा म्हणायचे, "व्हिसा." हा शब्द फार उपयोगी आहे. लोक मान हलवून पुढे जातात. दिवाळी गेली. मग विचारणारे कमी झाले आणि शेवटी कुणी विचारेनासं झालं, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. जर्मनीच्या फळीवरचं मेतकूट आम्ही गरम भातावर खाऊ लागलो. छान होतं. घाडगेकाका एकदा भाजीवाल्याच्या गाडीपाशी आईला म्हणाले, "वहिनी, शाल परत घ्यायची पद्धत नसते, तुम्ही संकोच मानू नका." आईने संकोच मानला नाही. तिने नुसतीच कोथिंबिरीची जुडी गाडीवर परत टाकली आणि घरी आली.

एका रविवारी सकाळी पाटील आले. दारात उभे, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीच्या आत काहीतरी खरवडत होतं. "वहिनी, चिंबोऱ्या हायत," ते म्हणाले. "सकाळीच खाडीतल्या आनल्या." आमचं मूळ मालवणकडचं. जिवंत खेकडे घेऊन आलेल्या माणसाला आई दारातून परत पाठवणं शक्य नव्हतं, मग तो कुणीही असो. पिशवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी टेकवून पाटील खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. अण्णा पलंगावर. मधे बराच वेळ नुसता खरवडण्याचा आवाज.

"साहेब, मी मागितलं नव्हतं," पाटील म्हणाले. "नंबर इचारला, दिला. कशासाठी ते मागनं समजलं."

"माहीत आहे मला," अण्णा म्हणाले.

"आता एक मागायचंय. राग येनार नाय ना?" पाटलांनी कपाटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माज्याकडं थंडीचं काय नाय. आमच्या गावात कोनाकडं कोट असनार? गावभर इचारलं. एकाकडं स्वेटर हाय, तो पन हाफ."

मला पाटलांचा असा राग आला की बस. जर्मनी नेली ती नेली, आता हिवाळाही हवा? तेवढ्यात पिशवीचं तोंड सुटलं असावं, कारण एक भलीमोठी चिंबोरी आपल्या नांग्या वर करून, फरशीवर टकटक करत, आमच्या सगळ्यांच्या मधून तिरकी तिरकी चालत गेली आणि थेट कपाटाखाली शिरली. पाटील झटकन गुडघ्यांवर आले. आई सांडशी घेऊन धावली. अण्णा पलंगावर पाय वर घेऊन बसले. दोघं जमिनीवर पालथे पडून कपाटाखाली हात घालताहेत, आई म्हणतेय, "डावीकडून घ्या, डावीकडून, नांगी आहे तिथे," आणि पाटील म्हणताहेत, "वहिनी, तुमी सरका, बोट तोडंल ती!" कुणाचा अपमान झाला आहे आणि कुणी कुणाचं काय नेलं आहे, हे त्या दोन मिनिटांत कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

चिंबोरी सापडली. पाटील धूळ झटकत उभे राहिले तेव्हा अण्णाही उठले होते. त्यांनी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला. कोट काढून त्यांनी पाटलांच्या पाठीमागे धरला, त्या फोर्टातल्या म्हाताऱ्याने धरला होता तसाच. पाटलांनी बाह्यांत हात घातले. तो कोट अण्णांपेक्षा पाटलांना चांगला बसला. खांद्यांत तर असा, जसा मापाने शिवला असावा. आमच्या नशिबाला असल्या गोष्टी बरोबर सुचतात. अण्णांनी समोर येऊन बटणं स्वतः लावली, खालून वर, एकेक करत.

"पाटील, हा डेली वेअरचा आहे," ते म्हणाले. "कपाटात ठेवू नका. तिकडे दूध आणायलासुद्धा हाच घालून जातात, असं दुकानवाला म्हणाला." आणि मग जरा थांबून, "ती सही माहीत आहे ना तुम्हाला? ड्रॉइंगवरची? तो कुठे बसतो, तेवढं बघा."

आई आत गेली. फळीवर जे उरलं होतं ते सगळं, तिखट, कुळीथ, मसाल्याची बरणी, जाड पोहे, तिने पाटलांच्या रिकाम्या पिशवीत भरलं. आमच्याकडे पिशवी रिकामी परत देत नाहीत. अशा रीतीने सोसायटीचा उरलासुरला माल शेवटी दिलेल्या पत्त्यावर पोचला. दुपारी आम्ही चिंबोऱ्यांचं कालवण खाल्लं. रागात होते तरी मी दोनदा भात घेतला.

अण्णांचा पासपोर्ट जानेवारीत आला. करकरीत, निळा. आईने तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी काढून कपाटात टाकला. त्यावर परदेशाचा शिक्का कधी उमटला नाही, पण पुढे रेशनकार्डात नाव घालताना आणि गॅसचं कनेक्शन बदलून घेताना पत्त्याचा पुरावा म्हणून तो फार कामाला आला. सीवूड्सच्या मॉलमध्ये आता मे महिन्यातसुद्धा लोकरीचे कोट काचेमागे टांगलेले असतात आणि आतला एसी असा असतो की ते घालावेसेही वाटतात. एवढी प्रगती त्या वेळी झाली असती, तर अण्णांना नवी मुंबईबाहेर जायची गरजच पडली नसती.

पाटील मार्चमध्ये परतले. कोट त्यांनी तिकडेच धुऊन आणला होता, पारदर्शक पिशवीत घालून, आणि खिशात आमच्यासाठी चॉकलेटं. त्यांनाही रिकामं परत देता येत नव्हतं. आईने कोट उलटापालटा करून पाहिला, अस्तर पाहिलं, बटणं हाताने चाचपली. एकही तुटलं नव्हतं.

"साहेब, तो सहीवाला म्हातारा रिटायर झाला," पाटील म्हणाले. "पन टेबल तसाच हाय. कोनी बसत नाय तिथं. मी त्यांना समजावलं हातवारे करून, की आमचे साहेब याला वलखतात. मंग त्यांनी फोटो काढू दिला."

फोटोत एक मोठी खिडकी होती, बाहेर पांढरंशुभ्र बर्फ, खिडकीशी तिरकं ड्रॉइंगचं टेबल आणि त्यापुढे लाकडी खुर्ची. माणूस कुणीच नव्हता. खुर्चीच्या पाठीवर अण्णांचा कोट घातलेला होता, खांदे नीट सरळ करून, जसा कुणी नुकताच तिथे काढून ठेवून चहाला गेला आहे.

"तुमी असतात तर तितंच ठेवला असता ना?" पाटील म्हणाले. "म्हनून ठेवला."

अण्णांनी फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग चष्मा काढून पुसला आणि परत पाहिला. इतका वेळ ते कधी कुठल्या ड्रॉइंगकडेही पाहत बसले नसतील. शेवटी म्हणाले, "उजेड डावीकडून येतो. वाटलंच होतं मला." मी चॉकलेटच्या चांदीकडे बघत बसले.

"आनि साहेब," निघताना पाटील दारात वळले, "तो दुकानवाला खोटा नाय बोलला. रोज सकाळी कोट घालून दूधच आनायला जायचो. सगळेच जातात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती कपाटाच्या कुरकुरीने. अण्णा लेंग्यावर कोट चढवत होते. मार्चचा शेवट होता. डोक्यावर पंखा पाचवर फिरत होता, आणि तरी माझी उशी घामाने ओली होती. खाली जिन्यात घाडगेकाका पेपर घ्यायला उभे असणार, केंद्रावर अर्धी सोसायटी रांगेत असणार, आणि इतके दिवस व्हिसाच्या आड लपवलेलं सगळं आता उघड्यावर येणार, हे मला दिसत होतं. अण्णांनाही दिसत असावं. त्यांनी कॉलर नीट केली, दुधाची पिशवी घेतली आणि चपला पायांत सरकवल्या.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता ती ओरडणार, निदान डोक्याला हात लावणार, म्हणून मी अंथरुणातच उठून बसले. ती पुढे आली, कोटाच्या खांद्यावरचं एक बारीक सूत तिने चिमटीत धरून काढलं.

"वरचं बटण लावा," ती म्हणाली. "बाहेर गारठा आहे."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, आणि बटण लावलं.